फळीतला स्क्रू

मी एक स्क्रू बोलतोय. विटेच्या भिंतीत आटे कापत शिरणारा. भोकात आधी लाकडी गट्टी ठोकावी लागत नाही मला.

केरळात कोट्टयमजवळच्या एका घराच्या दोन वाटण्या झाल्या, तेव्हा वेलायुधन सुताराने मला तिथे आणलं. बापाच्या रबराच्या झाडांवरून दोघं भाऊ भांडले होते. पुढचा भाग धाकट्या औसेपला गेला, मागचा थोरल्या वर्कीला. मधल्या दाराच्या जागी फळ्या ठोकायच्या होत्या.

"खिळे नको, स्क्रू लावतो," वेलायुधन म्हणाला. "पुढेमागे मन बदललं तर काढता येतील."

"तू लाव रे, मनाचं आम्ही बघू," वर्की म्हणाला.

भोक पाडून, फुंकून, त्याने मला आवळलं. असे आम्ही आठ जण.

त्यांची म्हातारी आई, अम्मच्ची, वर्कीकडे राहायची. रोज दुपारी ती फळीशी स्टूल ओढून बसे.

"औसेप, जेवलास का?"

आधी पलीकडून "हो" यायचं. नंतर त्याने कपाट आणून फळ्यांना टेकवलं, आणि तेही ऐकू येईना. ती तरी विचारत राहिली.

एकदा वर्की बाजारात गेलेला असताना तिने चमच्याचा दांडा माझ्या खाचेत घातला. बराच वेळ पिळत होती. मी जरासुद्धा हललो नाही. पक्कं धरणं एवढंच मला येतं, आणि त्याची मला पहिल्यांदा लाज वाटली.

पावसाळ्यानंतर ती गेली. मागच्या बोळात शवपेटी वळेना. पुढचा दरवाजा औसेपकडे. वेलायुधनला बोलावलं. त्याने आम्हाला एकेक करून काढलं, औसेपने कपाट सरकवलं. दोघा भावांनी पेटीला खांदा दिला आणि अम्मच्ची धाकट्याच्या घरातून गेली.

दफन करून आल्यावर वेलायुधनने विचारलं, "आता हे राहू देऊ ना?"

"परत लाव," वर्की म्हणाला.

औसेप दारात उभा होता. "लाव," तोही म्हणाला. कित्येक वर्षांत दोघांचं एवढ्याच गोष्टीवर एकमत झालं.

"जुन्या भोकात नीट धरणार नाही," वेलायुधन म्हणाला.

"दिसायला घट्ट दिसलं म्हणजे झालं," वर्की म्हणाला.

तेव्हापासून मी सैल आहे. बोटाने फिरवलं तरी बाहेर येईन. रविवारी चर्चहून आला की वर्की फळीवर नजर टाकतो आणि आत जातो. हात कधी लावत नाही.

तुम्ही मांडणी लावा, पडद्याचा दांडा लावा, मी जन्मभर धरून ठेवीन. माणसांच्या मध्ये मात्र मला लावू नका.