वळायला लागलं की

वॉर्डात सगळे तिला सिस्टर म्हणत. रोज अकरा वाजता नव्या बाळंतिणींना समोर बसवून ती एका रबरी बाहुलीला दुपट्यात गुंडाळून दाखवायची. छातीपाशी दोन बोटं सहज गेली पाहिजेत, कमरेखाली पाय मोकळे हलले पाहिजेत, झोपवायचं ते पाठीवरच. आणि बाळ वळायला लागलं की गुंडाळणं बंद. हे ती अशा ठसक्यात सांगायची की डॉक्टरही दारात थबकत. घरी मात्र बाईसाहेबांची दातखीळ बसायची. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

कारण घरी सासूबाई होत्या. उभा जन्म काचसामानाच्या कारखान्यात पॅकिंग केलेली बाई. "माझ्या हातचा एक पेला कधी फुटला नाही," असं म्हणत त्या साडेतीन महिन्यांच्या नातवाला हातापायांसकट करकचून आवळत, आणि पोर दोन मिनिटांत गप्प होऊन झोपी जाई. कामावर परतल्यावर पहिल्याच आठवड्यात सून "जरा सैल" एवढंच म्हणाली होती. "मग तूच सांभाळ, मी जाते धाकट्याकडे," असं उत्तर मिळालं. बाळाला बघायला दुसरं कोणी नव्हतं आणि तिच्या नोकरीशिवाय घर चालणार नव्हतं. नवरा म्हणाला, "जाऊ दे ना, आई काय त्याची वैरीण आहे?" तोंड दाबून बुक्क्यांचा मार. ती गिळून बसली.

आज सकाळी लंगोट बदलताना बाळ पालथं झालं. पहिल्यांदाच, आणि फक्त तिच्यासमोर. आनंद व्हायच्या आधी तिला रोजचं ते गुंडाळणं आठवलं. आता सांगायलाच हवं होतं. तेवढ्यात सासूबाई दुपटं घेऊन आल्या, आणि ती "येते, आई" एवढंच म्हणून बाहेर पडली.

अकरा वाजता बाहुली हातात घेऊन ती "वळायला लागलं की" इथवर आली आणि पुढचं तोंडातून फुटेना. पहिल्या रांगेतल्या आईने विचारलं, "सिस्टर, घरची मोठी माणसं ऐकत नसतील तर?"

तिने बाहुली खाली ठेवली आणि सगळ्यांसमोर घरी फोन लावला.

"झोपलाय गं," सासूबाई समाधानाने म्हणाल्या. "अर्धा तास झाला, हूं नाही की चूं नाही."

"आई, आत्ता जाऊन बघा त्याला. आधी सोडवा. तो पालथा होतो. आज सकाळी झाला."

पलीकडे फोन कशावर तरी आपटला. पावलं वाजली. मग बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. तिने फोन कानावर दाबून धरला. शेवटी रडणं आलं, घोगरं आणि संतापलेलं.

"तोंड गादीत होतं त्याचं," सासूबाई म्हणाल्या. आवाज त्यांचा वाटत नव्हता. "हात आत बांधलेले. मीच बांधलेले." आणि मग, "तुला सकाळपासून माहीत होतं?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही रागावला असता."

"रागावले असते," सासूबाई म्हणाल्या. "मग?"

समोरच्या आठही आया तिच्या तोंडाकडे बघत होत्या.