बिर्कची हाक

आस्ताचं लग्न झालं ते साल अठराशे सत्त्याण्णव. एप्रिलचा शेवटचा रविवार. दुसऱ्याच दिवशी तिचे भाऊजी टॉर्गेर लाकडाच्या फळ्या भरून गलबत घेऊन सॅन फ्रान्सिस्कोला निघाले. शनिवारी, आठ मे रोजी परततो, असं बायकोला, म्हणजे आस्ताच्या थोरल्या बहिणीला, गुद्रुनला, सांगून गेले.

सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेकडच्या त्यांच्या किनाऱ्यावर बंदर म्हणजे कड्याला पडलेली एक खाच. आत खडक, बाहेर लाटा. धुकं उतरलं की डोळ्यांचा काही उपयोग नसे, कप्तान कानांनी गलबत हाकत. टॉर्गेरनी त्यासाठी आपल्या कुत्र्याला, बिर्कला, तयार केलं होतं. धुक्यातून गलबताचा भोंगा ऐकू आला की कुत्रा धावत कड्याच्या टोकाला जाई आणि भुंकत राही. मग त्याला सुक्या माशाचा तुकडा मिळे. बिर्क भुंकला की टॉर्गेरना समजे, घर आलं, आता उजवीकडे वळायचं.

आस्ताचं सासर दक्षिणेला कोसभर अंतरावर, पुढच्याच खाचेवर. लग्नाला आठवडा झाला तशी ती बहिणीकडे आली आणि चुलीशी बसून राहिली.

"एलिफ लाकडाच्या गिरणीत गेला की मी भिंतीशी बोलते, ताई."

"भिंत उत्तर देते का?"

"एलिफपेक्षा बरं देते."

गुद्रुन हसली. आस्ता हसली नाही. तिनं बिर्कच्या मानेत हात घातला. "चार दिवस ह्याला नेऊ? लहानपणापासून माझ्याच पायाशी झोपलाय."

"टॉर्गेरना कळलं तर मला घराबाहेर काढतील."

"शनिवारी येणार ना ते? शुक्रवारी मी स्वतः आणून सोडते."

गुद्रुननं बोटांवर दिवस मोजले. आठवडाभर आभाळ स्वच्छ होतं. बहिणीचे डोळे सुजलेले होते. "ने," ती म्हणाली.

गुरुवारी सकाळी तिनं दार उघडलं तर समोरचं कुंपणही दिसेना. पाव भट्टीत घालायचा होता, तो तसाच ठेवून तिनं शाल घेतली. कुत्र्याला आजच आणावं, उद्यावर कशाला ठेवा, एवढंच मनात होतं. गलबत येईल असं तिला वाटलं नव्हतं.

अर्ध्या वाटेवर भोंगा ऐकू आला. लांब, मग तुटका, मग पुन्हा लांब. तसा भोंगा त्या पाण्यात दुसरं कोणी वाजवत नसे.

आणि लगेच पुढून, दक्षिणेकडून, बिर्क भुंकला.

गुद्रुन पळत सुटली. शाल कुठे पडली ते तिला कळलं नाही. भोंगा वाजे, कुत्रा उत्तर देई, आणि दर वेळी भोंगा थोडा जवळ येई.

कड्याच्या टोकाला आस्ता उभी होती. हातात मासा, चेहरा खुललेला. "ताई, भाऊजी लवकर आले बघ. कसा बोलावतोय हा त्यांना."

गुद्रुननं गुडघ्यांवर पडून बिर्कचं तोंड दोन्ही हातांनी दाबून धरलं. मग खाली पाहून ओरडली, "टॉर्गेर, इथे नाही. वर जा, उत्तरेला जा." धुक्यात तिचा आवाज किती लांब गेला, कोण जाणे. त्या खाचेत उजव्या हाताला पाण्याखाली खडकांची रांग आहे. आधी लाकूड मोडल्याचा आवाज आला, मग शिडांचा फडफडाट. माणसाचा आवाज एकदाच आला.

गिरणीतली माणसं दोर घेऊन धावली. दुपारपर्यंत दोघांना जिवंत वर काढलं. त्यातला एक म्हातारा खलाशी मिक्केल. दात वाजत असताना तो बोलत होता.

"वारा पाठीशी होता, बाई. दोन दिवस वाचले. कप्तान खूश होता. बिर्क भुंकला तसा म्हणाला, आपला म्हातारा कुत्रा जागा आहे, उजवीकडे घ्या." कुत्रा त्याच्या समोरच बसला होता. "हा इथे कसा?"

आस्तानं बहिणीचा हात घट्ट धरला. "सांग, आपणहून पळून आला म्हणून," ती कानाशी कुजबुजली. "ताई, सांग ना."

गुद्रुननं हात सोडवला नाही.

"मी दिला, मिक्केल. मीच दिला हिला."

मिक्केलनं अंगावरची घोंगडी काढून गुद्रुनच्या खांद्यावर घातली. ती सकाळपासून नुसत्या झग्यावर होती.

टॉर्गेर हेगलँड, वय एकोणचाळीस, आणि गलबतावरचा आचारी वाइनो हे दोघे गुरुवार, सहा मे अठराशे सत्त्याण्णव रोजी सकाळी बुडून मेले. टॉर्गेरचा देह रविवारी सापडला. वाइनोचा सापडला नाही.