छातीवर दुमडलेले हात

“मी गेल्यावर चर्चमध्ये माझ्या मिस्सेच्या प्रार्थनेत ख्रिस्तप्रसाद घे,” मरण्यापूर्वी आईने एवढंच मागितलं होतं. पण मिस्सेच्या आदल्या दिवशी फादर मला शांतपणे म्हणाले, “बाळ, लग्न स्त्री-पुरुषाचंच. तू आणि तुझी मैत्रीण नवरा-बायकोसारख्या राहता, म्हणून प्रसाद देता येणार नाही. हात छातीवर दुमडून ये, आशीर्वाद देईन.”

प्रसादाच्या रांगेत मी थबकले. हात पुढे केले आणि सगळ्यांदेखत ते नाही म्हणाले तर?

“सरक गं,” मागून मावशी पुटपुटली, “आईसारखीच रेंगाळतेस.”

पाळी आली आणि भीतीने मी हात दुमडले. फादरांनी सुटकेचा निःश्वास सोडला.

मागे, जन्मात एकदाही प्रसाद न चुकवलेली मावशी म्हणाली, “मलाही आशीर्वादच द्या, फादर.”

तिनेही हात छातीवर दुमडले होते.