सोळा जणांचं घर

नाटकमंडळीत तिला सगळे वहिनी म्हणत, कारण दिवे सांभाळणाऱ्या तिच्या दिराने तिला तिथे आणलं होतं. आली ती कपडे शिवायला. पण वर्षापूर्वी पियानो वाजवणारे मास्तर मोठ्या मंडळीत निघून गेले, दिग्दर्शकाने हात टेकले, तेव्हा वहिनी म्हणाली, "मी बघते." नुसतं म्हणाली नाही, बघितलंही.

तिचं वाद्य म्हणजे एक लॅपटॉप आणि त्याला जोडलेली वहीएवढी पेटी. पेटीवर रबराच्या सोळा चौकटी. एका चौकटीवर बोट ठेवलं की चार-पाच स्वर एकदम उमटत, अख्खी कॉर्ड. कुठे कोणते स्वर घालायचे हे वहिनीने दोन महिने खपून कानाने ठरवलं होतं. कॉर्डची नावं काही तिला येत नव्हती, मग तिने घरची माणसं बसवली. गाणं जिथे येऊन विसावतं ती आई. आईच्या आधी हटकून येतो तो मामा. उगाच गळा काढते ती आत्या, आणि मध्येच येऊन सगळ्यांचा मूड पालटते ती नणंद. प्रत्येक चौकटीवर चिकटपट्टीचा तुकडा आणि त्यावर नाव. मंडळी हसायची, पण वर्षभरात एकही प्रवेश अडला नव्हता.

आता मास्तर परत आले होते. मोठ्या मंडळीत त्यांचं बिनसलं होतं आणि त्यांना जुनी खुर्ची हवी होती.

चारच्या खेळाला तासभर असताना वहिनी पेटीपाशी आली, तर चिकटपट्ट्या गायब. जागोजागी छापील इंग्रजी अक्षरं, आणि चौकटींचा क्रमही नवा.

"शास्त्रशुद्ध लावून दिलंय," मास्तर म्हणाले. "आजचा खेळ मीच वाजवतो. राग मानू नका वहिनी, पण तुम्हाला बटणं येतात. कॉर्ड येत नाहीत."

दिग्दर्शक दोघांकडे आळीपाळीने बघत राहिला. त्याला कुणालाच दुखवायचं नव्हतं, म्हणजे त्याचा काही उपयोग नव्हता.

वहिनीला राग आलाच. पण तिच्या हातात नायिकेचा कोट होता आणि त्याला हुक लावायचा राहिला होता. ती पेटीकडे पाठ करून स्टुलावर बसली. "दाबा मास्तर, हवं ते बटण दाबा. कोण आलं ते मी सांगते. एक जरी चुकलं तरी खुर्ची तुमची."

मास्तरांनी दाबलं.

"मामी," वहिनी सुईत दोरा ओवत म्हणाली. "हे थोरले दीर. हा मामा. या सासूबाई, जरा हळू दाबा, त्यांना धसमुसळेपणा चालत नाही."

दिवेवाला दीर फिस्सकन हसला. मास्तरांनी तिला पकडायला पहिलीच चौकट पुन्हा दाबली.

"मामीच आहे. परत कशाला बोलावलीत?"

काका आले, आजी आली, नणंद आली, आई आली. वहिनीचं बोलणं आणि टाके एकाच चालीने पडत होते. पंधरा माणसं झाली. सोळावी चौकट वाजली आणि सुई थांबली.

"ही कोण?"

"ते तर तुम्ही सांगायचंय," मास्तर म्हणाले.

"दिसते आईसारखी, पण आई मघाशी येऊन गेली. ही आमच्यातली नाही. आणि आमची ताई कुठे आहे?"

मास्तर म्हणाले, "त्या कॉर्डमध्ये एक चूक होती. दोन स्वर अगदी शेजारी, एकमेकांना घासत होते. भरताना तुमचं बोट चुकून पडलं असणार. त्यातला एक मी काढला."

"बोट चुकूनच पडलं होतं." वहिनी आता त्यांच्याकडे वळली. "पण ऐकलं आणि म्हटलं, ही तर ताई. सगळ्यांबरोबर बसते आणि एकाला घासते. मलाच. पाच वर्षं आम्ही बोललो नाही. तो स्वर काढलात तर ताई राहत नाही मास्तर, नुसती एक गोड बाई राहते."

या वेळी कुणी हसलं नाही. मास्तरांनी लॅपटॉप ओढला, स्वर परत घातला आणि चौकट दाबली.

"आली," वहिनी म्हणाली.

मग मास्तरांनी न सांगता छापील अक्षरं खरवडून काढली, चिकटपट्टी फाडली आणि वहिनी सांगेल तशी सोळा नावं आपल्या वळणदार अक्षरात लिहिली. नवा क्रम तिने दोनदा बोटांखालून घालवला, तेवढा तिला पुरला. दिग्दर्शकाने खुर्ची तिच्याकडे सरकवली.

खेळ रंगला. शेवटच्या प्रवेशात घर सोडून गेलेली मुलगी दारात येऊन उभी राहते, आणि आई जागची उठत नाही. इथे आजवर पेटीवरची आई वाजायची. वहिनीने ताईवर बोट ठेवलं. ते दोन स्वर घासत राहिले, आणि सगळं प्रेक्षागृह श्वास रोखून बसलं. भांडणात चूक ताईची नव्हती, हे वहिनीला पाचही वर्षं ठाऊक होतं. रंगमंचावरची म्हातारी उठली, दारापर्यंत गेली, तेव्हा कुठे वहिनीने ताईवरचं बोट उचललं आणि आई वाजवली.

पडदा पडल्यावर दिग्दर्शक आत आला. "यापुढे हे असंच ठेवायचं," तो म्हणाला. "आणि वाजवायचं तुम्हीच."

"वाजवेन. पुढच्या खेळाचं एक तिकीट लागेल, पहिल्या रांगेतलं."

"कुणासाठी?"

मास्तर वायर गुंडाळत होते. मान वर न करता तेच म्हणाले, "ताईंसाठी."