परत येण्याची खात्री

शेजाऱ्यानं राम राम केला तरी माझे बाबा घरात येऊन आईला विचारायचे, "आज काऊन केला असंन?" सेलूच्या बाजारात त्यांचं किराण्याचं दुकान होतं. खोट्या नाण्यापासून ओल्या गुळापर्यंत सगळं वाजवून, दाबून घ्यायची सवय. माझ्या अंगातही तीच उतरली. त्यामुळे एक्याऐंशी साली आष्टीकडच्या लक्ष्मणरावांनी आपल्या मुलासाठी मला मागणी घातली आणि वर हुंडा नको म्हणून सांगितलं, तेव्हा आम्ही बापलेक एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलो.

मुलगा प्रभाकर. नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, पण मी घेते. नागपूरच्या शेतकी कॉलेजातून शिकलेला, एकुलता एक, घरची संत्र्याची बाग. असल्या पोरासाठी लोक मोटारसायकल द्यायला तयार होते. आणि यांना मॅट्रिक झालेली, रंगानं सावळी, दुकानदाराची पोरगी पाहिजे होती, तीही याच महिन्यात.

"पाणी कुठंतरी मुरून राह्यलं," बाबा म्हणाले. "पोट्ट्याले फिट तं येत नसंन?"

चौकशी केली. फिट येत नव्हती. दारू नव्हती. नागपुरात कोणी ठेवलेली नव्हती. काहीच सापडलं नाही म्हणून बाबांचा संशय आणखी वाढला. शेवटी आई चिडली. "चांगलं स्थळ चालून आलं, त्याले नाट लावू नका," म्हणाली. साक्षगंध झालं आणि पाठोपाठ लग्न उरकलं.

लग्नाला वर्ध्याहून फोटोवाला आणला होता. आमच्यात अक्षता पडताना एखादा फोटो काढला की पुष्कळ झालं. हा गडी दुसऱ्या दिवशीही थांबला. मी आणि प्रभाकर बागेपुढे, मी आणि प्रभाकर घरापुढे, सासूसासरे मध्ये आणि आम्ही दोघं बाजूला. माझ्या सासूबाई, देवकाबाई, मध्येच येऊन माझा पदर सारखा करायच्या. "मंगळसूत्र वर दिसू दे, बाई."

त्यानंतर भाड्याची जीप करून आम्हाला कचेरीत नेलं, लग्न नोंदवायला. आमच्याकडे लग्न नोंदवतो कोण? सारं गाव पंगतीत जेवून उठलं, त्यापेक्षा मोठी नोंद कोणती? मी सासऱ्यांना विचारलंही. ते म्हणाले, "असू दे बेटा, कामी पडते." कोणाच्या कामी, ते बोलले नाहीत.

सासरी मला कोणी कामाला हात लावू देईना. नवी सून म्हटली की झाडलोट, भांडी, सासूचे टोमणे, हे ठरलेलं. देवकाबाई मलाच पहिलं ताट वाढायच्या आणि भाकरीवर तुपाची धार सोडायच्या. दुसरी एखादी सुखावली असती. मला घास गिळवेना. बोकडालाही कापण्याआधी चांगला चाराच घालतात. मला इथं कशासाठी आणलंय, हे कळल्याशिवाय मला झोप लागणार नव्हती.

प्रभाकर वाईट नव्हता. हळू बोलायचा, पाण्याचा पेला स्वतः घ्यायचा. पण संध्याकाळ झाली की एकटाच बागेत जायचा. एकदा मी मागोमाग गेले. हा झाडांच्या रांगेतून येरझाऱ्या घालत इंग्रजीत पुटपुटत होता. मध्येच थांबून एका झाडाला म्हणाला, "येस सर." मी उलट्या पावली घरी आले. माझी खात्री झाली. फिट नाही, दारू नाही, बाई नाही. यांचा पोरगा वेडा आहे आणि तो माझ्या गळ्यात बांधलाय.

तो वेडा नव्हता, हे घनश्याम आल्यावर कळलं. घनश्याम हा प्रभाकरचा कॉलेजातला दोस्त. दुपारी आला आणि ओसरीवरच्या खुर्चीत पायावर पाय टाकून बसला. सासऱ्यांचा चष्मा त्यानं नाकावर चढवला होता. प्रभाकर त्याच्यापुढे हात बांधून उभा. मी चहा घेऊन येत होते ती दाराआडच थांबले.

माझं इंग्रजी मॅट्रिकपुरतंच, पण घनश्याम साहेबाच्या थाटात एकेक शब्द सुटा सुटा बोलत होता. अमेरिकेत काय शिकणार? प्रभाकर म्हणाला, माती. खर्च कोण करणार? वडील, बागेच्या उत्पन्नातून. आणि शिकून झाल्यावर परत कशाला येशील?

प्रभाकरनं श्वासही घेतला नाही. घरी बाग आहे. आईवडील म्हातारे आहेत. मी एकुलता एक आहे. माझी बायको इथेच राहणार आहे.

घनश्याम उठला आणि त्याच्या पाठीवर जोरात थाप मारली. "बस! मागच्या खेपेले हेच कमी होतं. तिकडच्या कॉलेजचं पत्र होतं, पैसा दाखोला होता, इंग्रजीची परीक्षा झाली होती. पण मुंबईचा व्हिसावाला साहेब म्हणे, वापस येशीन याची खात्री काय? लग्न नाई, काई नाई. आता बोल म्हणा!"

मी ओसरीवर गेले. हातातला चहा मधल्या स्टुलावर ठेवला.

"कोण चाललं अमेरिकेले?"

घनश्यामनं आधी चष्मा काढला, मग चहा न घेता चपला शोधू लागला. जाताना म्हणाला, "वहिनी, तो सांगणारच होता." असं म्हणणाऱ्याचं काय खरं मानायचं? ज्याला सांगायचं असतं तो साक्षगंधाच्या आधी सांगतो.

रागानं माझे कान तापले होते. मी पदर खोचला आणि त्या साहेबाच्या खुर्चीत बसले.

"बोला. परत काऊन येसान?"

प्रभाकर हसला. मी हसले नाही, तेव्हा त्याचंही हसू विरलं.

"बाग हाये न," तो म्हणाला.

"बाग बटईनं कोणालेही देता येते."

"बाबा, आई..."

"ते आजही म्हातारेच हायेत. तरी चालले न तुमी?"

"तू हायेस."

"मी कोन्ती भाजी खात नाई, सांगा."

तो विचार करू लागला. वांगं, असं शेवटी म्हणाला. वांगं मला फार आवडतं.

"त्या साहेबाजवळ मले जामीन ठेवून चालले तुमी," मी म्हटलं. "माह्याजवळ काय ठेवून चालले?"

आवाज ऐकून देवकाबाई आतून आल्या. "सूनबाई, नवऱ्यासंग असं बोलते काय कोनी?"

"तुमी मले पहिलं ताट काऊन वाढत होत्या, ते आज समजलं मले."

वाटलं होतं, आता मात्र कडाडतील. पण त्या उंबऱ्यावरच बसल्या आणि पदरानं नाक पुसलं. "त्या साहेबाचं मले काय समजते, माय? पोरगं गेलं का येत नाई, एवढं समजते. तू असशीन तं तो येईन, म्हून आनलं तुले."

म्हणजे पोराला साहेबासाठी बायको हवी होती आणि आईला खुंटा. मी हवी म्हणून मला या घरात कोणी आणलंच नव्हतं. ते ऐकून मला रडू फुटलं, आणि रडू फुटल्याचा आणखी राग आला.

बाबांना निरोप धाडला. ते दुकान बंद ठेवून आले, सगळं ऐकलं, आणि इतका मोठा संशय खरा ठरल्यावर माणसाला जो आनंद होतो तो क्षणभर त्यांच्या तोंडावर दिसला. मग म्हणाले, "चाल घरी." मी नाही म्हटलं. साहेब काय करतो ते मला पाहायचं होतं. आपल्याला गहाण टाकलंय, तर आपली किंमत काय लागते हे बघून तरी जावं, असं मनात आलं.

प्रभाकर मुंबईला गेला. परत आला तो एस. टी.तून उतरताच पासपोर्ट उंच धरून दाखवत. व्हिसा मिळाला होता. लक्ष्मणरावांनी पेढे आणले, गावातले लोक ओसरीवर जमले, जो तो त्याच्या पासपोर्टावरचा शिक्का बोटानं चाचपून पाहू लागला. मी पंप चालू करायचं निमित्त करून विहिरीवर गेले. थोड्या वेळानं तोही आला आणि माझ्यापासून हातभर अंतरावर थांबला.

"काय इचारलं साहेबानं?"

"मातीचंच. खारवट चोपन जमीन कशी सुधारते, ते. मंग खर्चाचं."

"अन् माहं?"

तो पायानं माती उकरू लागला.

"लग्नाचं काय इचारलं?"

"लग्नाचं नाई इचारलं," तो म्हणाला. "मी सांगाले गेलो, तं म्हणे, राहू दे, झालं तुमचं काम."

पंपाच्या धारेकडे बघत मी उभी राहिले. मला आधी हसू आलं. एवढा मांडव, एवढी माणसं, माझ्या बापाची झोप, माझी झोप, आणि साहेबानं विचारलंसुद्धा नाही. मग हसू जिरलं आणि मी हौदाच्या काठावर बसून घेतलं.

"कोकिळा," तो म्हणाला. त्यानं पहिल्यांदाच मला नावानं हाक मारली होती.

"आता साहेब नाई, घनश्याम नाई, सासूबाई नाई," मी म्हटलं. "खरं सांगा. परत येसान?"

त्यानं बागेकडे पाहिलं. तोंड उघडलं, मिटलं. पाठ केलेलं उत्तर ओठावर आलेलं मला दिसलं, आणि त्यानं ते गिळलेलंही दिसलं.

"मले मालूम नाई," तो म्हणाला.

या घरात आल्यापासून मी ऐकलेल्या सगळ्या बोलण्यात एवढंच एक मला खरं वाटलं. त्यावर संशय घ्यायला जागाच नव्हती. म्हणून मीही खरंच सांगितलं.

"तुमी आले, तं मी इथं असीन का नाई, ते मले बी मालूम नाई."

आणि प्रभाकरनं लग्नानंतर पहिल्यांदाच माझ्याकडे संशयानं पाहिलं.