वळणावरच्या चाकोऱ्या

खाणीतला रस्ता सपाट ठेवणं हे माझं काम. ग्रेडरचं लांबलचक पातं टेकवून नऊ वर्षं मी तो खरवडते आहे, आणि नऊ वर्षं आमचे हे वळणावर डंपरची चाकं कडेच्या चिखलात घालून तो उखडताहेत. घरी ओले मोजे, इथे चाकोऱ्या. माणसाने निस्तरायचं तरी किती!

या वेळी मॅनेजरसाहेबांनी शेवटची ताकीद दिली. पुन्हा चाक रस्त्याबाहेर गेलं तर डंपर काढून घेणार आणि ह्यांना गेटवर पास तपासायला बसवणार. ह्यांचा जीव त्या डंपरमध्ये. रात्री भाजीत मीठ नव्हतं, तेही ह्यांना कळलं नाही.

दुसऱ्याच दिवशी खाणीची पाहणी करायला आलेल्या निसर्ग संस्थेच्या ताई गुडघाभर चिखलात उभ्या राहून किंचाळल्या. आम्हाला वाटलं, पाय मोडला. तर ह्यांच्या चाकोऱ्यांत साचलेल्या पाण्यात दुर्मीळ पिवळ्या पोटाच्या बेडकांची पिल्लं वळवळत होती! उथळ, उन्हाने तापलेलं, मासे नसलेलं पाणी. बेडकांना म्हणे बाळंतपणाला असंच लागतं.

ताईंचं नाव लगेच बेडूकताई पडलं. कंपनी आणि संस्था यांचा करार झाला, वळणावर पाटी लागली, मला ग्रेडरसकट पलीकडच्या रस्त्यावर हाकललं. ह्यांना लेखी हुकूम मिळाला: महिनाभरात बारा नव्या चाकोऱ्या पाडा, तरच डंपर तुमचा.

आणि आमचे हे सरळ चालवायला लागले! जन्मात पहिल्यांदा. मुद्दाम चिखलात घालायला गेले की इतकं जपून घालायचे की नुसता चाकाचा ठसा उमटायचा. त्यात बेडकाचा अंगठाही भिजला नसता. तीन आठवडे गेले, चाकोरी एकही नाही.

"साहेब, कोणी बघत असलं की जमत नाही," हे म्हणाले.

"अहो, मी तर ऑफिसात असतो!" साहेबांनी कपाळाला हात लावला.

शेवटी बेडूकताईंनी आम्हा दोघांना साहेबांच्या ऑफिसात बसवलं आणि ह्यांच्या जुन्या ताकिदींची फाइल मागवली. प्रत्येकीवर वार आणि वेळ होती. त्या बोट फिरवत वाचत गेल्या.

"सगळ्या दहाच्या सुमाराच्या. आणि मंगळवारी एकही नाही. मंगळवारी काय असतं?"

"माझी सुट्टी," मी म्हणाले.

सगळे ह्यांच्याकडे बघायला लागले. हे मांडीवरचं हेल्मेट गोल गोल फिरवत राहिले.

"दहाला ही तिथून जायची," ते पुटपुटले. "मग मी बघायचो. नऊ वर्षं बघत होतो."

नऊ वर्षं मी ह्यांना आंधळे म्हणत होते. मला एकदम रडू आलं, आणि साहेबांसमोर रडू आलं म्हणून ह्यांचा रागही आला.

दुसऱ्या दिवशी दहाला मी पातं वर उचलून ग्रेडर वळणाशी आणला. हेल्मेटखाली केस नीट विंचरले होते, कोणाला सांगू नका. समोरून डंपर आला, ह्यांची मान वळली आणि चाकं खचकन चिखलात.

सवयीने मी ओरडले, "अहो, समोर बघा!"

"अजिबात बघू नका!" मागून बेडूकताई ओरडल्या.

ह्यांनी ताईंचं ऐकलं. आणि मी उगाचच आणखी एक फेरी मारली.