न सुकलेले हात

समिनानं चित्रावर अंगठा टेकवून उचलला. अंगठ्याला हिरवा रंग लागला. महिना होत आला, तरी ओलाच.

पत्र्यावरच्या त्या चित्रात तिच्या अम्मीचे हात होते, धारूरच्या बाजारात सीताफळं निवडणारे. ईदला माहेरी जाताना ते न्यायचं होतं. ट्यूबमधले रंग, जवसाचं तेल आणि रंग पातळ करायचं टर्पेंटाइन घेऊन ती मोबाइलवर बघून बघून शिकत होती. रंग सुकेना तेव्हा तिनं आधी तेलाला दोष दिला. तेल कमी केलं, थर पातळ केला, पत्रा उन्हात ठेवून पाहिला. वरचा रंग खरवडून चित्रातली बोटं पुन्हा पुन्हा रंगवली. शेवटी दोष आपल्याच हातात आहे असं तिनं धरलं, आणि त्या दिवशी ती जेवलीही नाही.

आज तिनं एकेक जिन्नस वेगळा तपासायला घेतला. कोऱ्या कागदावर टर्पेंटाइनचा थेंब टाकला. तो उडून जायला हवा होता. दुपारची नमाज झाल्यावर पाहिलं, तर तेलकट डाग तसाच. तिनं बाटली नाकाशी नेली. मांजरसुंब्याच्या गॅरेजमागची ही खोली; डिझेलचा वास इथं सदाचाच, म्हणून बाटलीतला वेगळा कधी कळला नव्हता.

बाटली घेऊन ती पुढं गॅरेजात गेली. तिचा नवरा मुस्तकीम एका ट्रॅक्टरखाली आडवा होता. ट्रॅक्टरवाला धुळाजी टायरवर बसून वाट बघत होता.

“हिच्यात डिझेल कुणी भरलं?”

मुस्तकीम बाहेर आला, हात पुसत राहिला. एका गाडीचा कार्बोरेटर धुवायला टर्पेंटाइन घेतलं होतं, म्हणाला. संपलं, तर तू चिडशील म्हणून डिझेल भरून ठेवलं. तेलात तेल, त्यानं काय होणार होतं.

“काय झालं ते तुमी बघितलं. मी रोज खरवडत होते, तुमी समोर बसून चहा पीत होता. कावून बोलला न्हाई?”

त्यानं फडकं खांद्यावर टाकलं. खाली बघत म्हणाला, “वाटलं, सुटतोय नाद तर सुटू दे.”

समिनाला बाटली त्याच्या अंगावर फेकावी असं वाटलं. तिनं ती त्याच्या पायाशी ठेवली आणि आत गेली.

स्वयंपाकातलं उलथनं घेऊन ती पत्रा खरवडायला लागली. आजवर तिनं वरवरच खरवडलं होतं, आज तळापर्यंत गेली. चिकट रंग लोण्यासारखा निघाला, आणि खाली उलथनं कशाला तरी अडलं. बाटली चांगली होती तेव्हाचा पहिला थर. खणखणीत सुकलेला. नुसत्या तपकिरी रंगातले अम्मीचे हात, जरा वाकडे, पण फळ दाबून बघणारे. ती त्यांच्याकडं बघतच राहिली. राग काही उतरला नाही.

मग तिनं पत्रा, रंग आणि स्टूल उचलून गॅरेजात आणलं. भिंतीलगतच्या फळीवरचे पाने-पक्कड खाली जमिनीवर सारले आणि तिथं पत्रा उभा केला.

“हितं उजेड चांगला हाय. रोज दुपारी मी हितंच बसणार. आता बीडला जा अन् टर्पेंटाइन आणा.”

मुस्तकीमनं धुळाजीकडं पाहिलं, मग तिच्याकडं. खिळ्यावरची मोटारसायकलची किल्ली काढली.

“अन् माझं ट्रॅक्टर?” धुळाजीनं विचारलं.

मुस्तकीमनं तोवर मोटारसायकलला किक मारली होती.